तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा

यझ्द, ९ आबान १३७५

थोरल्या बहिणीस, तलअत आबजीस,

सलाम. अक्षर ओळखून पाकीट तसंच शेगडीत टाकू नकोस, आधी वाच. इतक्या वर्षांत तुला चार ओळी लिहिल्या नाहीत आणि आजही खुशाली विचारायला लिहीत नाहीये. तुझी खुशाली मला तुझ्या जलीलकडून कळते. तुझे गुडघे, तुझी सून, केरमानचं पाणी, सगळं कळतं. आज काम आपल्या दोघींच्या पोरांचं आहे.

जलीलने तुला काही सांगितलं नसणार. मुलगे आईला ‘सगळं ठीक’ एवढंच सांगतात. तेव्हा पहिल्यापासून सांगते.

युनिव्हर्सिटीच्या वास्तुकला विभागात यंदा बांधकामशास्त्राचं सहप्राध्यापकाचं एक कायमचं पद निघालं. एकच. त्याच्याबरोबर प्रयोगशाळा, आणि प्रयोगशाळेत ते हलणारं टेबल. माझी नय्यरे त्याच्यावर विटांच्या कमानी बांधते आणि मग भूकंपासारखं हलवून त्या पाडते. आमचे हे, हाजआगा, म्हणतात, “लोक घरं उभी करायचे पैसे घेतात, आपली लेक पाडायचे घेते.” तुझा जलील शेजारच्या खोलीत कॉम्प्युटरवर गणित मांडतो की कमान कुठल्या धक्क्याला पडेल. दोघं एकदमच नोकरीला लागले, दोघंही अजून कंत्राटावर. अर्ज दोघांनीही केला.

निवड समितीचे प्रमुख आहेत डॉक्टर सफवत. मूळचे इथलेच, पण तरुणपणी जर्मनीला गेले ते आता केस पांढरे झाल्यावर परतले. त्यांनी नय्यरेला आत बोलावून विचारलं, “हे पद तुम्हाला हवं आहे का?”

आता तूच सांग, वळण असलेली कुठली मुलगी पहिल्याच वेळी ‘हो’ म्हणेल? नय्यरे म्हणाली, “जलीलसाहेब असताना मी कोण?” डॉक्टर म्हणाले, “बरं.” आणि लिहून घेतलं. मग जलील आत गेला. तो म्हणाला, “नय्यरे खानमसमोर माझी काय पात्रता?” डॉक्टर म्हणाले, “बरं.” तेही लिहून घेतलं. चहासुद्धा दुसऱ्यांदा विचारला नाही म्हणे त्या माणसाने.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर कागद लागला: दोन्ही उमेदवारांनी स्वेच्छेने माघार घेतली आहे, सबब पद रिक्त.

समितीतले बाकीचे चौघं यझ्दचेच. हे आपलं तारुफ आहे, दोनदा नको म्हणायचं आणि तिसऱ्यांदा मनातलं सांगायचं, हे त्यांना कळत नव्हतं असं नाही. पण नव्या प्रमुखाला पहिल्याच बैठकीत ‘तुमचं चुकलं’ कोण म्हणणार? तेही तारुफच.

हे सत्र संपेपर्यंत पद भरलं नाही तर ते मंत्रालयाकडे परत जाणार. टेबलही त्याच्यामागे दुसऱ्या कुठल्या तरी शहरात जाणार. नय्यरे दोन दिवस जेवली नाही नीट. टेबल गेलं तर ही पोरगी काय करेल मला कळत नाही. लग्न तर तिने त्या टेबलाशीच लावलंय.

म्हणून तुला विनंती. जलीलला फोन करून एवढंच सांग, की पुन्हा कुणी विचारलं तर त्याने काहीच बोलू नये, गप्प राहावं. पुढचं मी बघते. यात माझा काही स्वार्थ नाही, विभागाचं भलं व्हावं एवढंच.

तुझी,
इशरत

कागदाच्या दोन्ही बाजू भरल्या, म्हणून हाजआगांचा सलाम इथे कडेला लिहिते.


यझ्द, २३ आबान

तलअत आबजी,

सलाम. तुझं पत्र मिळालं. इतकं तिखट पत्र तू केरमानहून नोंदणीने पाठवायची गरज नव्हती, साध्या टपालानेही ते तेवढंच झोंबलं असतं.

तू लिहितेस, “माझा मुलगा गप्प बसेल आणि तुझी मुलगी हो म्हणेल, असं तुझ्या विभागाचं भलं होय?” माझ्या मनात तसं नव्हतं. म्हणजे अगदी तसंच नव्हतं.

पुढे लिहितेस, “जलीलसाठी तुझ्या दारात आले होते तेव्हा तू म्हणालीस, आमची मुलगी तुमच्या मुलाच्या लायक नाही. तेव्हापासून तुझ्या नम्रपणाची मला धास्ती वाटते.” आबजी, ते आता कशाला उकरायचं? मुलीला तेव्हा शिकायचं होतं. जलीलला बायको चांगली मिळाली, दोन गोड पोरं झाली. मी जे बोलले ते बोलायची रीतच तशी आहे, आणि तुला त्याचा जो अर्थ लागला तो तुला लागला.

बाकी जलीललाही ते पद मनापासून हवंय, असं तू लिहिलंस. हे मला खरोखरच माहीत नव्हतं. आमच्याकडे जेवायला येतो तेव्हा तो “नय्यरेच्या हाताला काय नजर आहे, खाला” असंच म्हणत असतो. तेव्हा आता दोघांनाही ते हवंय, आणि दोघांनीही नको म्हणून ठेवलंय.

नय्यरेला मी परवा म्हटलं, “जा ना, सफवत डॉक्टरांना जाऊन सांग की मला हवंय.”

ती म्हणाली, “आई, जलीलच्या मागून जाऊन मागू?”

“मग त्याच्या समोर माग.”

“त्याच्या समोर कसं मागू?”

हाजआगा वर्तमानपत्रामागून म्हणाले, “दोघांना एका गोणीत घालून डॉक्टरांच्या दारात ठेवून या.”

तुझं म्हणणं मी ऐकलं. आता जलीलने गप्प राहायचं नाही, आणि नय्यरेनेही नाही. पण त्याआधी कुणीतरी त्यांना पुन्हा विचारायला हवं. सफवत डॉक्टरांना ते कोण शिकवणार? मी मॅट्रिक झालेली बाई, त्यांच्या ऑफिसात जाऊन काय बोलू? मात्र त्यांची आई, बीबी नुसरत, दर मंगळवारी आमच्या गल्लीतल्या प्रार्थनेच्या बैठकीला येतात. बघते.

नवसही केलाय. नय्यरेला पद मिळावं असा नाही केला. तुझ्या मुलाच्या वाईटावर नवस करणं देवाला आवडणार नाही, आणि तू कधी ना कधी मला पकडलं असतंस. पोरांच्या तोंडून खरं निघू दे, शेजाराला केशराची शोले-झर्द वाटीन, असा केलाय. खिरीचं पातेलं मोठं की लहान, ते मात्र बोललेली नाही.

तुझी,
इशरत


यझ्द, ११ आझर

तलअत आबजी,

सलाम. हे सगळं जलीलकडून अर्धवट कळण्याआधी माझ्याकडून पुरतं कळावं म्हणून घाईने लिहितेय. डाळ शिजत टाकलीय.

मंगळवारी बैठक संपून चहा फिरत होता. मी मुद्दाम बीबी नुसरतच्या शेजारी बसले. त्यांचं वय ऐंशीच्या पुढे, पण कान माझ्यापेक्षा चांगले. मी नाव न घेता सगळी हकिकत सांगितली. म्हटलं, एक शिकलेले गृहस्थ आहेत, त्यांनी दोन मुलांना एकेकदाच विचारलं आणि वही मिटली.

बीबींनी पेला खाली ठेवला. म्हणाल्या, “एकदाच विचारलं?”

“एकदाच, बीबी.”

“कुणाचा मुलगा हा? आईने काही शिकवलं नाही का त्याला?”

मी मान खाली घातली. आबजी, मी एक शब्द बोलले नाही. समोरच्या बाईनेच हळूच सांगितलं, “बीबी, तुमचाच.”

त्यांनी डोक्यावरून घेतलेली चादर सावरली, काठी घेतली आणि चहा अर्धा टाकून घरी गेल्या. पुढचं डॉक्टरांच्या स्वयंपाकीण बाईंनी सांगितलं. बीबी म्हणाल्या, “तू परदेशातून आलास तेव्हा मी तुला जेवायला कितीदा विचारलं होतं?” डॉक्टर म्हणाले, “आई, तो समितीचा कारभार आहे, त्यात नियम असतात.” बीबी म्हणाल्या, “नियमात दोनदा विचारू नये असं लिहिलंय का?” तसं लिहिलेलं नव्हतं.

शनिवारी डॉक्टरांनी दोघांना एकत्र बोलावलं. समिती बसलेलीच होती. हे मात्र नय्यरेने स्वतः रात्री जेवताना सांगितलं, आणि सांगताना भात थंड केला.

डॉक्टर म्हणाले, “मी दुसऱ्यांदा विचारतो आहे. हे पद कुणाला हवं आहे?” नय्यरे म्हणाली, “जलीलसाहेब माझ्याहून मोठे आहेत.” जलील म्हणाला, “मोठेपणाने कमानी उभ्या राहत नाहीत, नय्यरे खानमच योग्य.” डॉक्टरांनी एक बोट दुमडलं, मग दुसरं. म्हणाले, “आता तिसऱ्यांदा विचारतो. माझ्या आईने सांगितलंय की हे शेवटचं, यानंतर जे बोलाल ते खरं धरायचं.”

समितीतले एक जण खिडकीबाहेर बघायला लागले. दुसऱ्यांनी जपमाळ काढली.

नय्यरे म्हणते, “आई, मला समोर तो कागद दिसत होता आणि टेबल ट्रकवर चढताना दिसत होतं. आणि जलील पुन्हा तोंड उघडायला लागला, मला माहीत होतं तो काय म्हणणार. तेव्हा मी त्याला म्हटलं, जलील, आपण मुलांना पहिल्या वर्षी काय शिकवतो? कमान का उभी राहते? दोन्ही बाजू पडायला बघतात, एकमेकींना रेटतात, म्हणून. दोन्ही बाजू सभ्यपणे मागे सरकल्या तर सगळं खाली येतं. तू मागे सरकतोस, मी मागे सरकते, आणि प्रयोगशाळा आपल्या डोक्यावर येतेय. रेट जरा.”

“मग?” मी विचारलं.

“मग मी डॉक्टरांना म्हटलं, मला हवंय. खूप हवंय.”

मी मनात बिस्मिल्ला म्हटलं. हाजआगांचा चमचा हवेतच राहिला. मी विचारलं, “आणि जलील?”

“तो लाल झाला. मग म्हणाला, मलाही हवंय. आणि खरं सांगायचं तर मी हिच्याहून बरा शिकवतो.”

“असं म्हणाला?”

“असं म्हणाला. मी म्हटलं, ते सिद्ध कर. तो म्हणाला, करतो.”

आबजी, दोघं बाहेर आले तेव्हा हसत होते म्हणे. समितीने ठरवलंय की दोघांनी विद्यार्थ्यांसमोर आणि समितीसमोर एकेक धडा द्यायचा, कमानीवरच, आणि मग मत घ्यायचं. माझा नवस पुरा झाला, दोघांच्याही तोंडून खरं निघालं. शोले-झर्द उद्या करते. केशर जरा कमी घालीन, पण वेलची भरपूर.

नय्यरे जिंकावी असं मला वाटतं, आणि तुला जलील जिंकावा असं वाटत असणार. तू दुवा माग, मीही मागते. वर दोन्ही एकदम पोचतील.

तुझी,
इशरत


यझ्द, २९ आझर

तलअत आबजी,

सलाम. तुझं पत्र आलं. या वेळी साध्या टपालाने आलं, बरं वाटलं. धड्याला मी हजर राहावं आणि तुझ्या डोळ्यांनीही बघावं असं तू लिहिलंस, म्हणून सगळं लिहिते.

परीक्षा म्हटली की घरच्यांनी मिठाई न्यायची असते, तशी मी नेली. पण एकट्या नय्यरेच्या घरून गेली तर परीक्षकांना ते पक्षपाती वाटेल. म्हणून एकाच घाण्याचे बदामाचे कुत्ताब दोन तबकांत लावले, एकावर हिरवा रुमाल टाकला, एकावर पांढरा. पांढरं नेऊन ठेवलं आणि सांगितलं, “हे जलीलच्या आईकडून, केरमानहून.” तुला न विचारता तुझं नाव वापरलं. समितीतले सगळ्यात वयस्कर प्राध्यापक दोन्ही चाखून म्हणाले, “केरमानच्या बाईंचा हात जास्त गोड आहे.” मी म्हटलं, “हो, ती आमची थोरली.” घरी येईपर्यंत मला ते खुपत होतं.

जलीलचा धडा आधी झाला. आबजी, तुझा मुलगा बोलतो छान. फळ्यावर रेषा अशी काढतो की पट्टी लागत नाही. कमानीचा भार कुठून कसा खाली उतरतो ते त्याने साखळी टांगून दाखवलं. साखळी खाली लोंबते तशी कमान उलटी उभी राहते, हे मला, मॅट्रिकवालीला, कळलं. मागच्या बाकावर एक मुलगी वहीत उतरवून घेताना स्वतःशीच हसत होती. मी मनात म्हटलं, गेलं आता.

मग नय्यरे सगळ्यांना प्रयोगशाळेत घेऊन गेली. टेबलावर हातभर उंचीची विटांची कमान बांधलेली. तिने सगळ्यांसमोर खडूने दोन खुणा केल्या, एक डाव्या खांद्यावर, एक उजव्या. म्हणाली, “तडा इथे आणि इथे जाईल.” टेबल सुरू केलं. मी तोंडातल्या तोंडात कुराणातल्या आयती म्हणत होते आणि चादरीचं टोक चावत होते. डाव्या बाजूला तडा बरोब्बर खुणेवर गेला. उजव्या बाजूला गेला चार बोटं वर. मुलं कुजबुजायला लागली.

तिने टेबल थांबवलं. तिच्या जागी मी असते तर ती खूण हाताने पुसली असती. ती वाकून बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, “उजवीकडे माझं चुकलं. का चुकलं ते बघू या.” तिने मुलांनाच विटा उपसायला लावल्या. उजवीकडचा चुना लवकर घट्ट झाला होता, कारण ती बाजू खिडकीच्या उन्हात होती. म्हणजे कमानीचा एक खांदा दुसऱ्यापेक्षा कडक. मग ती जलीलकडे वळून म्हणाली, “तुझ्या गणितात दोन्ही खांदे सारखे धरले आहेत, नाही का?” जलील म्हणाला, “धरले आहेत.” ती म्हणाली, “मीही धरले होते.” पुढे अर्धा तास मुलं, जलील, समिती, सगळे त्या फुटक्या कमानीभोवती उकिडवे बसले. सफवत डॉक्टरांनी कोट काढून ठेवला होता.

जलील खरंच चांगलं शिकवतो, आबजी. हे मी मनापासून लिहितेय, रीत म्हणून नाही.

मतं शनिवारी.

तुझी,
इशरत


यझ्द, २ दै

तलअत आबजी,

सलाम. निकाल लागला. काही विशेष नाही. तीन विरुद्ध दोन मतांनी आमच्या नय्यरेचं नाव आलं. तसं बघितलं तर जलीलच जास्त पात्र होता, सगळे हेच म्हणतात. नशिबाचा भाग. तिची कमान तर अर्धी चुकलेलीच होती. शेजारणी आल्या मुबारक म्हणायला, मी म्हटलं, कसलं आलंय, अजून बरंच शिकायचंय तिला. इथे थंडी वाढलीय. गुडघे जप.

तुझी,
इशरत


यझ्द, १४ दै

तलअत आबजी,

सलाम. तुझं उत्तर आलं. अख्ख्या पानावर एकच ओळ: “खरं सांग इशरत, तुला आनंद झाला ना?”

मी हे पत्र तीनदा लिहायला घेतलं. पहिल्यांदा लिहिलं, कसला आनंद, दोघंही आपलीच पोरं. तो कागद वाया गेला. दुसऱ्यांदा तुझ्या गुडघ्यांबद्दलच पानभर लिहिलं. मग काल रात्री, म्हणजे गुरुवारी, जलील जेवायला आला. तेव्हा आधी ते सांगते.

निकालानंतर तो पहिल्यांदाच आला होता. बायको-पोरं माहेरी गेलीत, म्हणून एकटाच. नय्यरे उगाच आतबाहेर करत होती. हाजआगांनी हवेबद्दल विचारलं, जलीलने हवेबद्दल सांगितलं. मी भात वाढला आणि नेहमीसारखं म्हटलं, “अजून घे.” तो नेहमी म्हणतो, “नको खाला, पोट भरलं.” मग मी पुन्हा म्हणते, तो पुन्हा नको म्हणतो, मग मी वाढते.

काल तो म्हणाला, “हो, वाढा. आणि तळाची खरपूस खरवडही द्या.”

ती मी हाजआगांसाठी बाजूला काढून ठेवलेली. माझा हात तसाच राहिला. हाजआगांनी माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्याकडे. मग ते म्हणाले, “दे त्याला. मागितलीय ना.” दिली.

खाता खाता जलील म्हणाला, “खाला, मला राग आलाय. नय्यरेवर नाही. समितीवरही नाही. नुसताच आलाय. दोन-तीन आठवडे राहील.”

नय्यरे स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली, “राहू दे. पण त्या उजव्या खांद्याचं गणित मला बुधवारपर्यंत हवंय.”

“सोमवारी देतो. आणि पुढच्या वर्षी पद निघालं तर मी पहिल्यांदा विचारल्यावरच हो म्हणणार आहे.”

“मीच विचारीन,” नय्यरे म्हणाली. “पद माझ्याच विभागात निघणार.”

तो हसला नाही. पण सगळा भात संपवून गेला, आणि जाताना उरलेली अर्धी खरवडही कागदात बांधून मागितली.

तो गेल्यावर नय्यरेने दार लावलं आणि तिथेच, दाराला पाठ टेकून, चेहरा झाकून बराच वेळ उभी राहिली. मला वाटलं रडतेय. जवळ गेले तर हसत होती, आवाज न करता, लहानपणी हसायची तशी. मी तिला पाणी दिलं.

तेव्हा आता तुझं उत्तर. जलीलसाठी मला वाईट वाटतंय, तो माझ्या ताटातला मुलगा आहे. आणि तू विचारलंस त्याचं उत्तर हो. मला आनंद झाला. तुझा मुलगा हरला तरी झाला. माझी मुलगी चांगली होती म्हणून जिंकली, नशिबाने नाही, आणि शेजारणींना मी आज सकाळी हेच सांगितलं. त्यांना जरा चमत्कारिक वाटलं. मलाही वाटलं, पण मग सवय झाली.

तुझी,
इशरत